देवरेअण्णांची पिवळी खूण

देवरेअण्णांना मोटरसायकलची पुढची गरारी काढायची असली की ते आधी पाना शोधत नसत, बायकोला हाक मारत. "कमल, ब्रेकवर ये वं." मग कमलवहिनी हात पदराला पुसत बाहेर यायच्या. बहुतेक वेळा बरोबर निवडायच्या भाजीचं ताट असायचं. अंगणात गाडी मधल्या स्टँडवर उभी असे. वहिनी तिच्यावर एका बाजूला, उजवीकडे पाय सोडून बसायच्या, ताट मांडीवर घ्यायच्या आणि पायानं मागचा ब्रेक दाबून धरायच्या. अण्णा डावीकडे पोत्यावर बैठक मारून बसलेले. म्हणजे नवराबायकोच्या एकमेकांकडे पाठी, मध्ये गाडी, आणि बोलणं चालू.

गरारी म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या दांड्यावर बसवलेलं छोटं दातेरी चाक. त्याच्यावरून चेन मागच्या चाकाला जाते. ते चाक जागेवर धरून ठेवतो एकच बोल्ट. बोल्टाखाली पत्र्याचा वॉशर, आणि त्या वॉशरचा एक कान वर दुमडून बोल्टाच्या कडेला टेकवलेला असतो, बोल्टाला फिरावंसं वाटलं तरी फिरता येऊ नये म्हणून. अण्णांचं गाव साक्रीकडचं. सिल्वासाहून दिवाळीला आणि उन्हाळ्यात ते डबलसीट, सामानासकट, खानवेल-जव्हारचे घाट चढून जात. घाटाला तेरा दातांची गरारी लागे, ती ओढीला बरी. परत आल्यावर सपाटीसाठी चौदाची. त्यामुळे वर्षातून निदान चारदा हा सोहळा व्हायचाच, आणि आम्ही फॅक्टरीतले दोन-चार जण तो बघायला मुद्दाम जायचो, कारण मागाहून वहिनींच्या हातची शेवभाजी असायची.

बोल्ट कधीच सहज सुटत नसे. अण्णा त्याला आदल्या दिवशी रॉकेल पाजून ठेवत. मग वॉशरचा कान पूर्ण सरळ करत, अर्धवट नाही. मग पान्यावर पाइपचा तुकडा चढवून हळूहळू वजन टाकत. झटका द्यायचा नाही आणि छिन्नी लावायची नाही हे दोन नियम. "छिन्नी लावणारा माणूस घाईत असतो," ते म्हणत, "आणि घाई असली तर चालत जावं भो, गाडी कशाला काढावी."

वजन टाकूनही बोल्ट हलला नाही की अण्णा तोंड सोडत. कोणत्या गाढवानं हा एवढा कसलाय, त्याला घरदार आहे की नाही.

"आरशात बघा," वहिनी पाठमोऱ्या म्हणायच्या.

"तू ब्रेक दाब."

"दाबी राहिनू ना."

आणि मग टक्. सगळी गाडी एकदा हादरायची, ताटातली मेथी अंगणात सांडायची आणि अण्णा अशा चेहऱ्यानं आमच्याकडे बघायचे की जणू आम्हीच अविश्वास दाखवला होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकहून सिल्वासाजवळ खडोलीच्या एका धाग्याच्या फॅक्टरीत शिफ्ट इंजिनियर म्हणून आलो. अण्णा तिथे मेंटेनन्सला हेडफिटर. वयानं माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, बुटके, रुंद, आवाज मशीनच्या वर जाणारा. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'नाशिककर' केलं, ते शेवटपर्यंत. ते नम्र वगैरे अजिबात नव्हते. स्वतःच्या कामाची तारीफ ते स्वतःच सुरू करत आणि दुसऱ्यानं सुरू केली तर त्यात भर घालत. विजेतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते कबूल नव्हतं, त्यामुळे इलेक्ट्रिशियन लोकांशी कायमचं वाकडं. पत्त्यांत उघड लबाडी करत. पकडलं तर म्हणत, तुम्ही झोपलात का ते बघत होतो.

खुणेची पद्धत त्यांनीच पाडलेली. महत्त्वाचा बोल्ट कसून झाला की बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर ऑइलपेंटची एक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी सरकला तरी रेघ तुटते, लांबून दिसते. हे बाकी ठिकाणीही करतात. अण्णांनी त्यात आपलं एक घातलं होतं. प्रत्येक फिटरचा रंग वेगळा. बाबुभाईंचा लाल, रामआसरेचा निळा, अण्णांचा पिवळा. ज्याचा रंग, त्याचा बोल्ट. दुसऱ्यानं तो उघडला तर आपल्या रंगानं खूण करायची आणि ज्याची होती त्याला जाऊन सांगायचं. एवढाच कायदा. तो लिहिलेला कुठे नव्हता, पण नवा हेल्परसुद्धा आठवड्याभरात शिकायचा.

अण्णा आपला पिवळा रंग वहिनींच्या नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवत. झाकणालाच ब्रश, खिशात मावते, सांडत नाही. फॅक्टरीतली एक बाटली खिशात, दुसरी गाडीच्या टूलबॉक्समध्ये. एवढ्या जाड बोटांत ती इवली बाटली धरून, जीभ जरा बाहेर काढून ते रेघ ओढत. मग झाकण लावून म्हणत, "झालं. आता विसरायचं."

मी एकदा विचारलं होतं, विसरायचं का म्हणून.

"खूण कशासाठी केली मग? नाहीतर माणूस झोपणार कधी? पाचशे बोल्ट कसतो मी. रात्री एकेक आठवत बसलो तर कमल बाहेर हाकलेल."

आणि खरंच, खूण केलेल्या बोल्टाकडे ते परत वळून बघत नसत.

ही सवय फॅक्टरीच्या फाटकाबाहेरही यायची. सिल्वासात माझी खोली बघायला आले तेव्हा कॉटच्या नटांपासून पंख्यापर्यंत सगळं कसून गेले. मागे ठिकठिकाणी पिवळ्या रेघा. घरमालकाला वाटलं मी काही उतारा-बितारा केलाय. अथालला एकदा जत्रेत मोठा पाळणा आला होता. वहिनींना त्यात बसायची फार हौस. अण्णा म्हणाले, आधी बोल्ट बघतो. पाळणेवाला ऐकेना. अण्णा पाना घेऊन आले होते, म्हणजे हे घरूनच ठरवून. शेवटी भांडण इतकं वाढलं की लोक पाळणा सोडून भांडण बघायला जमले आणि पाळणेवाल्यानंच वैतागून गुजरातीत सांगितलं, काका, कसो ने जाओ. अण्णांनी खालचे आठ-दहा कसले, पिवळी खूण केली, आणि मग वहिनींबरोबर स्वतःही बसले. वर गेल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले होते असं वहिनींनी नंतर सांगितलं. त्यांना उंचीची भीती वाटायची. ते त्यांनी नाकारलं.

पण ज्या प्रसंगामुळे मला ते मनापासून आवडू लागले तो वेगळा. एका रात्रपाळीत मोठ्या मशीनचा एक बेअरिंगचा ब्लॉक ढिला पडून शाफ्ट वाकला. सकाळपर्यंत लाइन बंद. मॅनेजरसाहेब मुंबईचे, आवाज न चढवता माणसाला पातळ करणारे. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. कोणी काही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले, हातात तो सुटलेला बोल्ट. "साहेब, पिवळी खूण आहे. माझा आहे. वॉशर बदलायला हवा होता, मी जुनाच घातला." साहेबांनी विचारलं, कशावरून? रात्री दुसऱ्या कोणी उघडला नसेल कशावरून? अण्णांना प्रश्नच कळला नाही. "साहेब, पिवळी आहे ना," ते पुन्हा म्हणाले. त्यांना मेमो मिळाला. दुपारी डबा खाताना त्यांनी तो घडी करून डब्याखाली ठेवला आणि मला म्हणाले, चटणी चांगली झालीये, घे.

रंगावर त्यांचा तो विश्वास मी त्या दिवशी पाहिला होता. पुढे मी जे केलं ते हे पाहिल्यानंतर केलं.

इतकी वर्षं मी अण्णांबद्दल कुठे बोललो तर पाळण्याची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे. मी तिथेच थांबायचो. गेल्या वर्षी रामआसरेचा फोन आला की अण्णा गेले. फोन ठेवल्यावर मला जे वाटलं त्यात दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी थोडी सुटकाही होती, आणि ती सुटका लक्षात आल्यावर मला माझीच किळस आली. म्हणून हे लिहितोय.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. अण्णांनी आदल्या दिवशीच, वहिनींना ब्रेकवर बसवून, घाटासाठी तेराची गरारी चढवून ठेवली होती. आम्ही तीन-चार इंजिनियर पोरं दमणला समुद्रावर जाणार होतो. बाकीच्यांकडे स्वतःच्या गाड्या होत्या. माझ्याकडे नव्हती, आणि दर वेळी मी कुणाच्या तरी मागे बसून जायचो आणि त्यावरून ऐकून घ्यायचो. मी अण्णांकडे गाडी मागितली. त्यांनी लगेच किल्ली दिली. कोणालाही देत. फक्त म्हणाले, तेराची आहे, रडेल, पळवू नको.

रडलीच. खोलीपर्यंत आणतानाच कळलं, इंजिन जीव खाऊन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही. वापी रोडला हे लोक मला मागे टाकणार आणि मग महिनाभर त्याच्यावर बोलणार. चौदाची गरारी टूलबॉक्समध्येच फडक्यात गुंडाळलेली होती. मी अण्णांना दहा वेळा पाहिलं होतं. दोन तास हातात होते. चौदाची लावू, जाऊन येऊ, संध्याकाळी परत तेराची लावू. कोणाला कळणार होतं.

ब्रेकवर बसायला कोणी नव्हतं. कोणाला बोलवायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. मी मागच्या चाकाच्या आऱ्यांत लाकडाचा ठोकळा अडकवला. रॉकेल मुरायला वेळ नव्हता. पान्यावर पाइप घालून झटके दिले. बोल्ट अण्णांनी कसलेला, तो हलेना. पाना घसरून माझी बोटं फुटली, बोल्टाची एक कड गोल झाली, दोन आरे वाकले. मग मी खोलीतून छिन्नी आणली. कान मी नीट सरळही केला नव्हता. छिन्नी बोल्टाच्या कडेला लावून हातोडी मारत गेलो, तेव्हा कुठे तो सुटला, आणि वॉशरचा कान तुटून मातीत पडला.

दमणला मी पुढे होतो. एवढं सांगायला हवं, मजा आली.

संध्याकाळी तेराची परत बसवली. वॉशर नवा हवा होता. रविवार, दुकानं बंद. मी तोच बिनकानाचा वॉशर घातला आणि बोल्ट होता होईल तेवढा कसला, ठोकळा अडकवून जेवढा कसता येतो तेवढा. मनात म्हटलं, उद्या अण्णांना सांगू, नवा वॉशर टाकू. मग आरे हातानं सरळ केले. आणि मग टूलबॉक्समधली ती नेलपॉलिशची बाटली काढली.

ती मी का काढली हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सांगणारच होतो तर खूण कशाला हवी होती? बोल्टाच्या डोक्यावर छिन्नीचे घाव चकाकत होते. मी त्यांच्यावर जरा जाड रंग दिला आणि वरून खाली एक रेघ ओढली. जीभ बाहेर आली होती की काय ते आठवत नाही. मग गरारीवरचं झाकण बसवलं. झाकण बसल्यावर काहीच दिसत नाही.

किल्ली द्यायला गेलो तेव्हा अण्णा कुठेतरी गेले होते. वहिनींनी किल्ली घेतली, माझ्या बोटांना फडकं बांधलेलं पाहून हळद लावून दिली. विचारलं काय झालं. मी म्हणालो, दारात चेमटली. सोमवारी मला सकाळची पाळी होती, अण्णांना दुपारची. मंगळवारी एक मशीन बंद पडलं. बुधवारी मला वाटलं, कसला तर आहे घट्ट. गुरुवारी पहाटे ते दोघं निघाले.

खानवेलच्या पुढे चढणीला गरारी दांड्यावरून सरकली. चेन इंजिनात अडकली आणि मागचं चाक जाम झालं. अण्णा गाडीबरोबर घसरत गेले, त्यांना खरचटलं. वहिनी उजव्या बाजूला दगडावर पडल्या. पाय गुडघ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे मोडला. एका ट्रकवाल्यानं सिल्वासाला सरकारी दवाखान्यात आणलं.

मला फॅक्टरीत कळलं. मी धावत गेलो. अण्णा बाहेर बाकावर बसले होते, शर्टाची एक बाही नव्हती. मी जवळ गेल्यावर त्यांनी वर पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. ते आधी बोलले.

"नाशिककर, माझाच बोल्ट रे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. तिथे सांगायचं होतं. नाही सांगितलं. वाटलं, आत्ता नको, वहिनी शुद्धीवर येऊ देत. मग वाटलं, ऑपरेशन होऊ दे. मग वाटलं, घरी येऊ देत. सांगण्याला अशी एक वेळ असते, ती गेली की पुढचा प्रत्येक दिवस आधीच्यापेक्षा कठीण होत जातो. कारण मग नुसतं काय केलं एवढंच नाही, इतके दिवस का बोलला नाहीस हेही सांगावं लागतं.

वहिनींचा गुडघा पुन्हा वाकला नाही. काठी आली. त्या स्वतः त्याबद्दल विनोद करत. म्हणत, बरं झालं, आता ब्रेकवर बसायला बोलवणार नाहीत. त्या हसल्या की अण्णा उठून बाहेर जात.

अण्णा बदलले ते एकदम नाही. आधी फॅक्टरीत कसलेला बोल्ट ते दुसऱ्यांदा कसू लागले. मग खूण केल्यावरही थांबून, पाना लावून बघत. मग पाळी संपल्यावर फाटकापर्यंत जाऊन परत येत. बाबुभाईंनी चेष्टा केली की अण्णा, तुमच्या खुणेला आता साक्षीदार लागतो काय. पूर्वी याला अण्णांनी दिवसभर पुरेल एवढं उत्तर दिलं असतं. आता ते म्हणाले, "बाबुभाई, तुम्हीच जरा बघा ना." बाबुभाईंनी बघितलं आणि पुन्हा कधी ती चेष्टा केली नाही. हळूहळू महत्त्वाच्या कामाला अण्णा मागे उभे राहू लागले. फॅक्टरीतल्या मशीनवरची पिवळी रेघ कमी होत गेली. पत्ते खेळताना लबाडी करेनात. ते बघवत नव्हतं.

मला ते सगळं दिसत होतं. रोज. आणि मी त्यांच्या घरी जातच होतो. भाजी आणून देणं, वहिनींना रिक्षानं दवाखान्यात नेणं, गॅस सिलिंडर. वहिनी शेजारणींना सांगत, नाशिककर आमच्या घरचाच आहे. मी केलेल्या प्रत्येक कामाचे दोन अर्थ होते, त्यातला एक मला एकट्यालाच ठाऊक होता.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. अपघातानंतर कोणी तिला हात लावला नव्हता. नव्वदीच्या सुरुवातीला अण्णांनी नोकरी सोडून गावी जायचं ठरवलं. फॅक्टरीनं जायला सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच. राखोलीचा एक जण गाडी घ्यायला तयार झाला, पण तो म्हणाला, पुढची गरारी मोकळी करून द्या, बाकी मी बघतो. गरारीचा बोल्ट अर्धा सुटून तिरका होऊन तिथेच अडकलेला, वर दोन पावसाळ्यांचा गंज.

अण्णांनी मला बोलावलं. पाना, पाइप, रॉकेल, सगळं काढून ठेवलं होतं. मी पोत्यावर बसायला जागा करून दिली. ते म्हणाले, "नाही, तू सोड. मी ब्रेकवर बसतो."

आणि ते उजवीकडे पाय सोडून बसले. मांडीवर काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. वहिनी ओट्यावर खुर्चीत, पाय सरळ समोर. मी झाकण काढलं. मला वाटलं होतं गंजानं रंग गेला असेल. गेला नव्हता. पिवळा तसाच होता, जाड.

रॉकेल आदल्या रात्रीच घातलेलं. मी वजन टाकत राहिलो, झटका न देता, त्यांनी शिकवलं तसं. बराच वेळ गेला. मला मनात असंही वाटत होतं की न सुटो. मग टक् झालं. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, सुटला बाई. बोल्ट आणि वॉशर माझ्या तळहातावर आले.

अण्णा उतरून माझ्या बाजूला आले. त्यांनी बोल्ट घेतला आणि उजेडाकडे धरला. अंगठ्याच्या नखानं डोक्यावरचा रंग खरवडला. रंगाखाली घाव होते.

"ही छिन्नी आहे," ते म्हणाले.

मी पान्यावरून पाइप उतरवू लागलो.

"मी छिन्नी लावत नाही." ते स्वतःशीच बोलत होते, पण आवाजात काहीतरी उठत होतं, दोन वर्षांत न ऐकलेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. विचारण्यासाठी पाहिलं, जसं जाणत्या माणसाला विचारतात. "नाशिककर, ही कोणी लावली असेल?"

इतके दिवस मी गप्प होतो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे असं मी स्वतःला समजावत आलो होतो. आता मला सरळ विचारलं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द बोललो असतो तर त्या अंगणात त्यांना त्यांचा हात परत मिळाला असता.

मी म्हणालो, "अपघातात दगड लागले असतील, अण्णा. चेन अडकली होती. तिचेही घाव असू शकतात."

रंग घावांच्या वर होता. अपघाताचे घाव रंगाच्या खाली जात नाहीत. हे त्यांना दिसायला हवं होतं. पूर्वीच्या अण्णांना डोळे मिटून दिसलं असतं. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही.

"हां. असेल," ते म्हणाले. मग वॉशर चाचपला. "कान नाही याला. मी बिनकानाचा घातला, कमल. बघ." त्यांनी तो वहिनींना नेऊन दाखवला. वहिनी म्हणाल्या, टाका तो तिकडे, चहा घ्या आता दोघं.

मी चहा घेतला.

वहिनी आता मुलीकडे धुळ्याला असतात. अण्णांना सांगायचं राहिलं, वहिनींना सांगता येईल. रामआसरेनं पत्ता दिलाय. हे लिहून झालं की आधी तिथे जायचं, त्यांच्यासमोर बसून बोलायचं, असं ठरवलंय. त्या काय म्हणतील ते माहीत नाही. त्यांनी माफ केलं तर ते मला सोसणार नाही आणि नाही केलं तर तेही नाही, पण माझ्या सोसण्याचा हिशेब मी पुष्कळ केला. त्या बोल्टाचा खरा मालक कोण हे त्यांना कळायला हवं. नवऱ्याला त्या इतकी वर्षं मनातल्या मनात माफ करत आल्या, ते त्यांना परत घेता यायला हवं.

अण्णा-वहिनी कायमचे गावी निघाले त्या सकाळी मी सामान चढवायला गेलो होतो. टेम्पो भाड्याचा. कपाट, दोन खाटा, पिठाचे डबे, शिलाई मशीन. वहिनींना उचलून पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, काठी हातात. अण्णांनी दोर बांधला. चारी बाजूंनी आवळून, गाठ मारून ते मागे सरले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू एकदा बघ रे."

मी दोर ओढून पाहिला. गाठ दगडासारखी होती. म्हटलं, पक्कं आहे, अण्णा.

"बराबर बघितलं ना?"

"बघितलं."

ते वर चढून वहिनींच्या शेजारी बसले. टेम्पो निघाला. वहिनींनी खिडकीतून काठी हलवली. वळणाच्या जरा अलीकडे टेम्पो थांबला. दार उघडलं आणि अण्णा उतरले, मागे आले. मी हात वर केला होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला, पाय चाकाला रोवला आणि सगळं वजन टाकून ओढून पाहिला. हलला नाही. ते पुढे गेले. दारापर्यंत पोचून थांबले, आणि परत मागे आले.